अनुभव धागा: तांत्रिक चर्चेत पारा चढतो तेव्हा

कर्नलकाका
आज एका कोड रिव्ह्यूत (दुसऱ्याचा कोड तपासताना) 'हे कुणी लिहिलंय?' एवढाच शेरा दिसला आणि लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, सुरू करणाऱ्या लिनस टॉरव्हाल्ड्सची २३ डिसेंबर २०१२ ची मेल आठवली. मुद्दा सोळा आणे खरा होता. ड्रायव्हर चुकीचा एरर कोड परत करत होता, त्याने आधी नीट चालणारे प्रोग्रॅम बंद पडले, म्हणजे दोष कर्नलचाच. चार ओळींत मावणारा नियम. पण लोकांच्या तोंडी राहिलं ते मोठ्या अक्षरांतलं 'तोंड बंद कर'. पुढे १६ सप्टेंबर २०१८ ला कर्नल ४.१९ च्या चौथ्या चाचणी आवृत्तीच्या (आरसी४) मेलमध्येच त्यांनी माफी मागितली, सुट्टी घेतली. ४.१९ त्यांचे सहकारी ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी पूर्ण केली.
तुमच्याकडे काय चालतं, काय फसतं? नेमकी वाक्यं द्या.

रिव्ह्यूवाली
'असं का केलंस?' आधी काढून टाका. त्याऐवजी 'यादी रिकामी आली तर ही ओळ फुटेल, वर तपासणी घालूया का?' कोणती ओळ, कुठल्या इनपुटला फुटते, काय चालेल, तिन्ही हवं. शेरा मर्ज (कोड मुख्य प्रकल्पात घेणं) अडवणारा आहे की नुसती आवड, तेही पहिल्याच शब्दात. 'निट:' (किरकोळ सूचना) दिसलं की समोरच्याचा जीव भांड्यात पडतो.
आणि 'फक्त', 'सोपंय', 'उघड आहे' खोडाच. 'फक्त कॅशे साफ कर' म्हटल्यावर ज्याला जमलं नाही तो परत विचारत नाही. बग तिथेच.

रात्रपाळी
+१ ताई. कुकर लावलाय, येते.

बगवाला_सांगली
तक्रार करणाऱ्यांनाही सांगा की! 'भिकार ॲप आहे' यातून दुरुस्त करणाऱ्याला काय मिळणार? आवृत्ती, ओएस, पायऱ्या, काय व्हायला हवं होतं, काय झालं. एररच्या वरच्या वीसेक ओळी मजकूर म्हणून चिकटवा, फोटो नको, त्यातलं शोधता येत नाही. टोकन-पासवर्ड आधी पुसा. राग आलाच असेल तर परिणाम लिहा: 'यामुळे बिलिंग थांबलंय.' तातडी त्याने कळते.

कर्नलकाका
@सांगली, पटलं. आणि पाठवलेल्या पॅचला (कोडमधल्या बदलाला) उत्तर आलं नाही म्हणजे अपमान नव्हे. कर्नलची मर्ज विंडो, म्हणजे नवे बदल घ्यायचा काळ, दोन आठवड्यांची, तेव्हा मेंटेनर (कोड सांभाळणारे) गळ्यापर्यंत बुडालेले असतात. किमान आठवडा थांबा असं कर्नलच्या कागदपत्रांतच आहे. पॅच तसाच असेल तर विषयात 'रीसेंड', बदलला असेल तर 'व्ही२' आणि खाली काय बदललं ते.

शून्यएक
शिवी नसलेला दबाव जास्त घातक. एक्सझेड (फाइली दाबून लहान करणारं सॉफ्टवेअर) बघा. २०२२ मध्ये लासे कॉलिन एकट्याने प्रकल्प सांभाळत होते, मानसिक त्रास असल्याचं सांगत होते. तरी अनोळखी नावांनी तगादा: काम रखडलंय, दुसऱ्याला द्या. मग 'जिया टॅन'ला कोड बदलायचे हक्क मिळाले आणि ५.६.० व ५.६.१ आवृत्त्यांमध्ये मागचं दार (गुपचूप आत शिरायची वाट) बसलं. एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय म्हणून आंद्रेस फ्रॉइंड यांनी खोदलं, २९ मार्च २०२४ ला जाहीर केलं.
नाव नवं, कोडची एक ओळ नाही आणि मागणी एकच, हक्क द्या. असं दिसलं तर घाईने काहीही देऊ नका.

रात्रपाळी
पोटात कालवलं वाचून. एकटा माणूस बिचारा.

गिटकर
वाद पेटला तर गिटहबवर (कोड ठेवायची साइट) संभाषणाला कुलूप लावता येतं, कारणांत 'टू हीटेड' (फार तापलंय) आहे. नव्या खात्यांना २४ तासांपासून सहा महिन्यांपर्यंत रोखताही येतं. पण कुलपाआधी एक शेरा लिहा: काय ठरलं, का ठरलं, नवा पुरावा कुठे द्यायचा. नाहीतर तेच भांडण दुसऱ्या इश्यूत (तक्रारीच्या धाग्यात) उघडतं. वाईट शेरा उडवण्यापेक्षा झाका, उडवला की खालची उत्तरं लटकतात.

रिव्ह्यूवाली
@रात्रपाळी कुकर झाला का गं?

रात्रपाळी
झाला, वरण-भात :) एक विचारू? पहाटे प्रॉडक्शन (ग्राहक वापरतात ती सिस्टिम) पडलं की चॅनेलवर पहिलाच मेसेज 'कुणी डिप्लॉय केलं???' (म्हणजे नवा कोड कुणी चढवला) मग सगळे गप्प.

रिव्ह्यूवाली
नाव विचारलं की लोक लॉग सोडून स्वतःचा बचाव शोधतात. तूच आधी टाक: '२:५५ पासून पेमेंट बंद. शेवटचा डिप्लॉय २:४० चा, तो मागे घेतेय. हरकत असेल तर लगेच सांगा. पुढचं अपडेट ३:१५ ला.' ३:१५ ला नवीन काही नसलं तरी तसं लिही.

रात्रपाळी
पिन करते. आज ड्युटी आहेच.