मदत हवी आहे: एसटीएम-१ लाइन आणि जुन्या स्कझी डिस्का, वेगाचा हिशेब जुळत नाही

नमस्कार मंडळी,

ठाण्यात वागळे इस्टेटमधलं आमचं जुनं ऑफिस महिनाअखेर रिकामं करायचंय. तिथल्या सर्व्हरवरची सगळी ड्रॉइंग्ज म्हाप्याच्या नव्या जागेत आणायची आहेत. किती तास लागतील ते साहेबांना शुक्रवारपर्यंत लेखी द्यायचंय. हाताशी वेळ आहे शनिवारी रात्री १० ते रविवारी सकाळी ६. त्यानंतर लाइन रोजच्या कामाला लागते.

सर्व्हर लिनक्सचा, त्याला बाहेरून जोडलेल्या पेटीत १४६ जीबीच्या ३ डिस्का. पेटीला ती जाड ६८ पिनांची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली केबल आहे. कार्ड अल्ट्रा वाइड स्कझीचं (स्कझी ही डिस्का संगणकाला जोडायची जुनी पद्धत), म्हणजे कागदावर सेकंदाला ४० मेगाबाइट. डेटा संगणक दाखवतो त्याप्रमाणे ३८० जीबी (त्याचा १ जीबी म्हणजे साधारण १०७.४ कोटी बाइट). दोन ऑफिसांमध्ये भाड्याची एसटीएम-१ लाइन (टेलिफोन कंपनीची डेटा लाइन) आहे. राउटरच्या कार्डावर ओसी-३ लिहिलंय, पण वेग एकच, सेकंदाला १५५.५२ मेगाबिट (८ बिटांचा १ बाइट).

एका साइटवर हे एकक त्या एककात बदलून पाहिलं. ओसी-३ म्हणजे ०.४८६ अल्ट्रा वाइड स्कझी असं उत्तर आलं. मेगाबाइटमध्ये १९.४४. दुसऱ्या साइटवर तेच १८.५४! कुठलं धरायचं ते कळेना, तरी १९.४४ धरून ५ तास ५० मिनिटं आली आणि हायसं वाटलं. मग काल १ जीबीची एक फाइल एफटीपीने (नेटवर्कवरून फायली पाठवायची जुनी पद्धत) पाठवून पाहिली. ९५ सेकंद लागले. म्हणजे ११.३ मेगाबाइट. या वेगाने १० तास होतात.

डिस्का हळू असतील म्हणून डीडी या कमांडने नुसतं वाचून पाहिलं, ३१ मेगाबाइट मिळाले. मग १९.४४ आणि ११.३ यांच्या मधले ८ मेगाबाइट जातात कुठे?

डिस्का गाडीत घालून न्या असं कुणी सुचवेल म्हणून आधीच सांगते, त्या कित्येक वर्षांत बंद झालेल्या नाहीत. एक तर आत्ताच बारीक शिटीसारखा आवाज करतेय. थांबवली आणि परत फिरलीच नाही तर २० वर्षांचं काम जाईल. कॉपी पूर्ण झाल्याशिवाय मी त्यांना हात लावणार नाही.

प्रतिसाद १

ताई, दोन्ही साइट बरोबर आहेत. पहिली मेगाबाइट १० लाखाचा धरते, दुसरी १०,४८,५७६ चा. पण दोन्ही आकडे लाइनचे आहेत, तुमच्या डेटाचे नाहीत.

मी ठाण्यातच बरीच वर्षं ट्रान्समिशनमध्ये काढली. आम्ही हे फ्रेमवरून मोजायचो, बिटांच्या भानगडीत पडायचो नाही. एसटीएम-१ ची फ्रेम, म्हणजे लाइनवरून एका वेळी जाणारा बाइटांचा तक्ता, २७० रकान्यांची, ९ ओळींची, प्रत्येक घरात एक बाइट. सेकंदाला ८,००० फ्रेम, कारण फोनवरच्या आवाजाचे नमुने सेकंदाला ८,००० घेतले जातात आणि सगळी व्यवस्था त्यावरच उभी राहिली. गुणाकार करा, १,९४,४०,००० बाइट. हाच तुमचा १९.४४. आता त्यातले ९ रकाने लाइनच्या देखभालीचे, १ रकाना मार्गाच्या देखरेखीचा. उरले २६०. म्हणजे १८.७२. त्यातून आयपी, टीसीपीची हेडरं (डेटाच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वगैरे) वजा केली की हातात १८ च्या आसपास. साहेबांना ६ तास २० मिनिटांच्या खालचा आकडा देऊ नका.

पण ११.३ हे लाइनमुळे नाही. त्याला ८ ने गुणा, ९०.४ येतं. नव्वदीतला आकडा दिसला की मी आधी १०० मेगाबिटचा पोर्ट शोधतो. फास्ट इथरनेटवर, म्हणजे अशा १०० मेगाबिटच्या पोर्टवर, हेडरं जाऊन जास्तीत जास्त ९५ मेगाबिटच मिळतात. सर्व्हरपासून राउटरपर्यंतची केबल हाताने धरून चाला आणि मध्ये काय लागतं ते बघा.

प्रतिसाद २

एका मोठ्या फाइलचा वेग सगळ्या डेटाला लावू नकोस. ड्रॉइंग्ज म्हणजे छोट्या छोट्या फायली असणार. प्रत्येक फाइल शोधायला डिस्कचं डोकं हलतं आणि एफटीपी प्रत्येक फाइलसाठी नवं कनेक्शन उघडतं. टार करून (सगळ्या फायली एकात गुंडाळून) त्याचं आउटपुट सरळ नेटकॅटमधून (डेटा जसाच्या तसा नेटवर्कवर सोडणारी कमांड) पलीकडे पाठव, म्हणजे इकडे डिस्कवर वेगळी जागाही लागणार नाही. एसएसएचमधून (डेटा सांकेतिक करून पाठवणारा मार्ग) नको, जुन्या प्रोसेसरचा जीव एन्क्रिप्शनमध्येच जाईल. आणि १०-१५ जीबीचं एक फोल्डर आधी पाठवून वेळ लाव.

धागाकर्ती

दादा, सापडलं! सर्व्हरचा पोर्ट गिगाबिट (१,००० मेगाबिट), राउटरचाही गिगाबिट, पण कपाटामागे मध्येच एक जुना ८ पोर्टचा स्विच होता. त्याच्यावर १० आणि १०० एवढेच दोन दिवे. मला तो तिथे आहे हेच माहीत नव्हतं. केबल काढून सरळ राउटरच्या मोकळ्या पोर्टात घातली, सर्व्हर बंद करावा लागला नाही. तीच फाइल ६२ सेकंदांत गेली, म्हणजे १७.३.

प्रतिसाद २ प्रमाणे १२ जीबीचं फोल्डर टार-नेटकॅटने पाठवलं, ते १६.१ ने गेलं. त्या हिशेबाने साधारण ७ तास. साहेबांना साडेसात लिहून दिलेत.

एमडी५ जुळवणी (दोन्हीकडच्या फायलींवरून काढलेले आकडे, म्हणजे चेकसम, सारखे आहेत का ते बघणं) रविवारी दिवसा करेन, त्यात फक्त चेकसमची यादी पलीकडे जाते, लाइन अडत नाही. इकडचं वाचन ३१ च्या वेगाने पावणेचार तासांचं. शेवटची फाइल जुळेपर्यंत डिस्का फिरत्या ठेवणार आहे.