ग्रो ब्रुंटलँड यांना अभ्यासक म्हणायचं का?

उन्हाची_तिरीप
शाश्वत विकासावर एक टिपण लिहितेय. जिथे बघावं तिथे संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाची १९८७ ची व्याख्या, पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं वगैरे. पण तो रिपोर्ट आयोगाचा, त्यात कितीतरी देशांची माणसं होती, मग त्याचं श्रेय एकट्या अध्यक्षांना, म्हणजे नॉर्वेच्या तेव्हाच्या पंतप्रधान ग्रो ब्रुंटलँड यांना द्यायचं का? आणि त्या पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुख झाल्या ते राजकारणामुळे की आरोग्यात त्यांचा स्वतःचा काही अभ्यास होता? कुणी नीट वाचलं असेल तर सांगा प्लीज, मला नुसती स्तुती लिहायची नाहीये.

जुना_टाक
अभ्यास होता की! मूळच्या डॉक्टर त्या, १९६५ मध्ये हार्वर्डमधून पब्लिक हेल्थची मास्टर्स केली, मग ऑस्लोत शाळकरी मुलांच्या आरोग्यसेवेत काम. १९७३ चा 'नेचर' या विज्ञान नियतकालिकातला पेपर बघ, लार्स वालोए यांच्याबरोबरचा. मुलींना पाळी येण्याचं वय कित्येक दशकं खाली खाली येत होतं, ते नॉर्वेत आता थांबलंय असं त्यात दाखवलंय. वरवर छोटी गोष्ट वाटते पण पाळीचं वय, मुलांची उंची, वजन हे सगळं त्या समाजाला खायला काय मिळतंय, आजारपण किती आहे याचा आरसा असतो, आणि हे आकडे शाळेतल्या तपासणीतून आपोआप जमत असतात, फक्त कुणीतरी बसून ते जुळवावे लागतात. नंतर १९८० मध्ये याच विषयावर ऑस्लोच्या मुलांच्या ६० वर्षांच्या नोंदींचा पेपर आला. म्हणजे १९७४ मध्ये पर्यावरणमंत्री झाल्यावरही हा धागा सुटला नव्हता. मला तर १९८७ च्या रिपोर्टमधलं पिढ्यांचं बोलणं वाचताना हेच काम आठवतं, आता हा माझा अंदाज आहे, पुरावा मागू नकोस.

निवांत_नदी
पेपर चांगलेच आहेत पण माझ्या मते त्यांचं मोठं काम १९९८ ते २००३ मधलं, आरोग्य संघटनेच्या प्रमुख असतानाचं. अर्थमंत्र्यांना पटेल अशा भाषेत आरोग्य मांडायचं म्हणून २००० मध्ये त्यांनी जेफ्री सॅक्स यांच्या अध्यक्षतेखाली अर्थशास्त्रज्ञांचा आयोग नेमला. २००१ च्या रिपोर्टमध्ये गरीब देशांत अत्यावश्यक आरोग्यसेवांना माणशी वर्षाला साधारण ३४ डॉलर लागतील असा हिशेब होता, आणि तेवढं झालं तर दशकाच्या शेवटी वर्षाला निदान ८० लाख जीव वाचतील असाही. त्याआधी बहुतेक म्हणायचे की देश आधी श्रीमंत होऊ दे, आरोग्य मागून येईल. इथे मांडणीच उलटी केली, की आजारी माणसं असतील तर देश श्रीमंत होणार कसा. हिशेब सॅक्स यांच्या टीमचा, मान्य, पण हा प्रश्न कुणाला विचारायचा हे बाईंनी ठरवलं आणि माझ्या लेखी तेही अभ्यासाचंच काम आहे.
बाकी २००० साली संघटनेने १९१ देशांच्या आरोग्यव्यवस्थांची क्रमवारी लावली होती त्यावर खूप टीका झाली, ती टीका मला रास्त वाटते. बऱ्याच देशांची माहितीच अपुरी होती, अंदाजांवर नंबर दिले. टिपणात हेही लिही.

उन्हाची_तिरीप
हे सोन्यासारखं आहे, थँक्यू दोघांनाही! १९७३ चा पेपर मला माहीतच नव्हता. संघटनेच्या तंबाखू नियंत्रणाच्या आंतरराष्ट्रीय कराराचं काय मग, ते राजकारणात टाकू की अभ्यासात?

जुना_टाक
दोन्हीत. करार मे २००३ मध्ये मंजूर झाला आणि फेब्रुवारी २००५ पासून लागू, त्या वाटाघाटी म्हणजे सरळ राजकारण. पण त्याआधी त्यांनी एक तज्ज्ञ समिती नेमली होती, अमेरिकेतल्या खटल्यांमुळे उघड झालेली तंबाखू कंपन्यांची अंतर्गत कागदपत्रं तपासायला, की या कंपन्यांनी संघटनेच्याच कामात कसे अडथळे आणले. २००० मध्ये तो रिपोर्ट जाहीर केला. आपल्याच घरात कुणी कशी घुसखोरी केली ते छापायचं म्हणजे धाडस लागतं. मी टिपणात सुरुवात त्यानेच केली असती, व्याख्या तर सगळेच देतात.

उन्हाची_तिरीप
मग सुरुवात बदलते. पहिला परिच्छेद तंबाखूची कागदपत्रं, दुसरा ऑस्लोच्या शाळा, व्याख्या त्यानंतर.