मदत हवी आहे: इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय, टाटाची नेक्सॉन ईव्ही की एमजीची विंडसर? रविवारच्या आत ठरवायचंय

घाटउतार: नमस्कार मंडळी, शोरूमवाला टोकनसाठी रोज फोन करतोय. घरात वाद, बाबांचं म्हणणं टाटाच घे, आणि बायको विंडसरच्या मागच्या सीटवर बसून आली तेव्हापासून दुसरं काही ऐकायलाच तयार नाही. एवढंच सांगा की गणपतीला गावी जाताना चार्जिंगचा लोचा होणार की नाही. रेंजचे आकडे नकोत, ब्रोशर पाठ झालंय. जरा लवकर प्लीज.

कढीपत्ता: गाव कुठलं? वाई पण गावच आणि वेंगुर्लापण गावच.

ओव्हरटेक: बॅटरी कुठली बघताय? नेक्सॉन ३० किलोवॅट-अवरची की ४५ ची? विंडसर ३८ की प्रोवाली ५२.९?

घाटउतार: गुहागरजवळ. पुण्याहून उंब्रज, पाटण, कुंभार्लीवरून. नेक्सॉन ४५, विंडसर ३८.

रांजणगावकर: डोळे झाकून नेक्सॉन. २०२० पासून रस्त्यावर आहे, खेड्यातल्या मेकॅनिकलाही आता ओळखीची झालीय.

ओव्हरटेक: डोळे झाकूनच घेत होते लोक, पर्यायच नव्हता ना! तेव्हा दहातल्या सात ईव्ही टाटाच्या असायच्या, २०२४ च्या शेवटी विंडसर आली आणि लगेच खपात पुढे गेली. आमच्या चाकणची महिंद्राची बीई ६ पण बघा, ५९ ची बॅटरी.

घाटउतार: बजेटमध्ये नाही बसत बीई ६.

मीटरडाऊन: अहो गाडी कुठलीही घ्या, सगळ्यांना सीसीएस२ चीच गन (फास्ट चार्जिंगचा प्लग) लागते. रस्त्यात कुठल्या कंपनीचं चार्जर आहे याने फरक पडत नाही, ते चालू आहे का याने पडतो. पावणेतीनशेच्या आसपास अंतर आहे, साताऱ्याला एकदा ८० टक्क्यांपर्यंत भरून घ्या, कुंभार्ली उतरताना रीजेन मिळतंच, म्हणजे ब्रेकिंगमधून थोडी बॅटरी परत भरते. खरी परीक्षा येताना, घाट चढताना बॅटरी पाण्यासारखी जाते, त्यामुळे परतताना चिपळूणला भरूनच निघा. आणि ६० किलोवॅटचं दोन गनचं मशीन असेल तर शेजारी दुसरी गाडी लागली की बऱ्याचदा ३०-३० वाटून मिळतात, ऐन गणपतीत हे होणारच. गेल्या वर्षी ॲपवर हिरवं दिसत होतं म्हणून गेलो तर मशीन बंद आणि हेल्पलाइनवर गाणं चालू.

सौरऊर्जा_दादा: गच्चीवर सोलर बसवा. ३ किलोवॅटला केंद्राची ७८ हजार सबसिडी आहे.

घाटउतार: दादा, फ्लॅट आहे.

कढीपत्ता: फ्लॅट?? मग रोज चार्ज कुठे करणार? पार्किंग स्वतःचं आहे का?

घाटउतार: ओपन आहे, दर वर्षी चिठ्ठ्या टाकून बदलतं. ते बघू नंतर.

मीटरडाऊन: हे आधी सांगायचं ना राव! नंतर नाही, हेच आधी बघा. रोज बाहेरच्या डीसी फास्ट चार्जरवर जगायचं तर युनिटमागे घरच्या दुप्पट-तिप्पट जातात, वर १८ टक्के जीएसटी.

रांजणगावकर: काही नाही हो, १५ अँपिअरच्या प्लगवर रात्रभरात भागतं. गावीपण तेच करायचं.

कढीपत्ता: गावी आधी अर्थिंग तपासा, नीट नसेल तर गाडी चार्जच घेत नाही. आमच्या घरी वायरमन बोलवून अर्थिंगचा खड्डा नव्याने करावा लागला. आणि पावसात लाईट जाते ते वेगळंच.

ओव्हरटेक: विंडसर बॅटरी भाड्यावर मिळते हे विसरू नका, किंमत एकदम खाली येते. शिवाय ईव्हीला टोल माफ.

मीटरडाऊन: लाँचला किलोमीटरमागे साडेतीन रुपये भाडं होतं, वर चार्जिंगचा खर्च वेगळा. जास्त फिरणार असाल तर हिशोब करा. आणि पूर्ण टोलमाफी एक्सप्रेसवे, समृद्धी आणि अटल सेतूवर. खेड शिवापूर आणि आनेवाडी हे टोलनाके केंद्राचे, तिथे गप फास्टॅग दाखवायचा.

ओव्हरटेक: गणपतीला कोकणात जाणाऱ्यांना टोलमाफीचा पास मिळतो की, मग कसली पेट्रोल आणि कसली ईव्ही.

मुंबईचा_मावसभाऊ: बीकेसीत टेस्ला बघून आलो. साठ लाख!! आतली स्क्रीन मात्र भारी.

घाटउतार: टेस्ला कोणी विचारली? चार्जरच्या परवानगीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींना आत्ता फोन केला, म्हणे एनओसीचा विषय एजीएममध्ये (वार्षिक सभेत) घेऊ, सप्टेंबरमध्ये. शोरूमवाला म्हणतो चार्जर फुकट बसवून देतो, मग एनओसी कशाला लागते?

कढीपत्ता: बसवणार कुठे, पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या जागेत? टोकन परत मिळतं का ते आधी लेखी घ्या. आणि केबल तुमच्या मीटरवरून ओढणार की सोसायटीच्या कॉमन मीटरवरून? तुमचा मजला कितवा?