टॅकल पहिल्याच राऊंडला घ्यायचा की नंतर घेऊन घडवायचा?

गार्ड६४: एक विचारायचं होतं, एनएफएल ड्राफ्टमध्ये (अमेरिकन फुटबॉल लीगच्या टीम्स आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) ऑफेन्सिव्ह लाईनमनवर, म्हणजे बॉल फेकणाऱ्याला वाचवणाऱ्या पुढच्या फळीतल्या पोरावर (मधे सेंटर, त्याच्या बाजूला गार्ड, टोकाला टॅकल), पहिला पिक घालवावा का? जेट्सने २०२० ला टॅकल मेखाय बेक्टनला ११ व्या नंबरवर घेतला आणि दुखापतींमुळे तिथं त्याचं काही जमलंच नाही.

पॉकेटवाला: बेक्टनचं पुढचं पण बघा ना. ईगल्सने २०२४ ला त्याला टॅकलवरून राइट गार्डला आणला आणि त्याच सीझनला सुपर बोल, म्हणजे लीगची फायनल, जिंकले. पोरगा तोच, कोच वेगळा. ईगल्सच्या याच लाईन कोचने, जेफ स्टाउटलंडने, जॉर्डन मायलाटाला घडवलं, तो ऑस्ट्रेलियात रग्बी लीग खेळायचा, अमेरिकन फुटबॉलची एकही मॅच न खेळता २०१८ ला सातव्या राऊंडमध्ये २३३ वा गेला, पहिले दोन सीझन मैदानातच उतरला नाही आणि २०२० ला लेफ्ट टॅकलला चान्स मिळाला. एवढा धीर किती टीम्सकडे आहे सांगा!

स्नॅप_काउंट: पटलं, पण सगळ्यांनी मायलाटा शोधत बसू नये, टॅकल लेन जॉन्सन पण ईगल्सचाच आणि तो २०१३ ला चौथ्या नंबरवर घेतलेला. खरा प्रॉब्लेम सरावाचा आहे. कॉलेजात स्प्रेड ऑफेन्स (खेळाडू मैदानभर पसरवून खेळायची पद्धत) खेळून आलेल्या बऱ्याच पोरांना हात जमिनीला टेकवून उभं राहायची सवय नसते आणि लीग आणि खेळाडू संघटनेच्या २०११ च्या करारापासून सीझनमध्ये पॅड घालून सराव फक्त १४ वेळा, मग शिकणार कधी?

गार्ड६४: म्हणजे ईगल्सने कॅम जर्गन्सला त्यांचा जुना सेंटर जेसन केल्सीच्या मागे एक वर्ष बसवलं, तसं केलेलं बरं.

पॉकेटवाला: हो, आणि दुसऱ्या वर्षी गार्डला खेळवून मगच सेंटर दिलं त्याला.