अनुभव धागा : सोलापुरात बघण्यासारखं काय आहे?

दिवाळीत पुण्याहून भाचरं आली होती. सिद्धेश्वराचं दर्शन झालं, तळ्याभोवती फेरी झाली, भुईकोट बघून झाला. "आता कुठं?" म्हणून पोरांनी विचारलं तर घरातली मोठी माणसं एकमेकांकडं बघायला लागली. "सोलापुरात काय आहे बघायला" हे आपण इतक्या वेळा बोलतो की आपल्यालाच ते खरं वाटायला लागलंय. ते खोडून काढायचं म्हणून हा धागा. संग्रहालय, विज्ञान केंद्र, प्राणी-पक्षी, शहरातलं किंवा एका दिवसात जाऊन येण्यासारखं काहीही चालेल. वेळा आणि तिकिटं बदलत राहतात. तिथं तुमचे पाय कशापुढं थांबले ते लिहा.

सुरुवात मी करतो. भैय्या चौकातून माझं रोजचं जाणं-येणं. डॉ. कोटणीस स्मारकाची पाटी शेकडो वेळा वाचली असेल, पण आत पहिल्यांदा गेलो ते या भाचरांमुळं. द्वारकानाथ कोटणीसांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला १९३८ साली काँग्रेसनं पाच डॉक्टर पाठवले, त्यातले हे एक. बाकीचे चौघे परत आले. यांनी तिथंच जखमी सैनिकांची सेवा केली, क्वो चिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलाचं नाव इनह्वा ठेवलं. 'इन' म्हणजे भारत, 'ह्वा' म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला ते गेले. वय बत्तीस, मुलगा अजून रांगतही नव्हता. फोटोंपुढं भाची बराच वेळ उभी राहिली, मग म्हणाली, "मामा, त्यांच्या घरी इथं हे कधी कळलं असेल?" लढाईच्या दिवसांत चीनहून सोलापूरला निरोप यायला किती दिवस लागले असतील, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं.

जुळे सोलापूरहून, सात वर्षांच्या मुलाची आई

आम्ही केगावच्या विज्ञान केंद्रात गेलो, सोबत सासूबाई. त्या "मी बसते बाहेर, तुम्ही बघा" म्हणत होत्या. हट्टानं आत नेलं आणि त्या आरशापुढं अडकल्या. आतल्या बाजूला खोलगट असलेला मोठा आरसा. लांबून बघितलं तर माणूस उलटं, डोकं खाली. त्या एकेक पाऊल पुढं टाकत गेल्या. एका जागी सगळं नुसतं पसरलं, चेहरा कुठला नि पदर कुठला काही कळेना. आणखी दोन पावलं पुढं, तर सुलट्या आणि दुप्पट मोठ्या! मग परत मागं, परत पुढं. जिथं सगळं पसरतं ती जागा म्हणजे आरशाचं वक्रताकेंद्र, आरसा ज्या गोलाचा तुकडा असतो त्या गोलाचा मध्य. त्याच्या पलीकडं उलटी प्रतिमा, अलीकडं सुलटी. शाळेत मी याच्या आकृत्या काढून मार्क मिळवलेत, पण चालत जाऊन तो बिंदू ओलांडता येतो हे कुणी दाखवलं नव्हतं.

घरी आल्यावर सासूबाईंनी स्टीलचा नवा डाव चकचकीत पुसला आणि नातवाला समोर बसवून तोच खेळ केला. आतल्या बाजूला उलटा, पाठीवर सुलटा. आता भाजी वाढताना रोज होतो.

एकच सांगणं, उन्हाळ्यात जाणार असाल तर बाहेरच्या बागेतली खेळणी सकाळीच बघून घ्या. दुपारी लोखंडाला हात लावायची सोय नसते.

जिल्हा परिषद शाळेतला शिक्षक, मोहोळ तालुका

सगळ्या पोरांना गाडी करून सोलापूरला नेणं दरवर्षी जमत नाही. तेव्हा शाळेचं पटांगणच विज्ञान केंद्र करायचं. आपण कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, त्यामुळं वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. आपल्याकडं मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमाराला आणि पुन्हा ऑगस्टच्या अगदी सुरुवातीला. ऑगस्टात आभाळ असतं, म्हणून मे धरायचा. दुपारी सव्वाबारा ते साडेबाराच्या दरम्यान उभ्या पाइपची सावली पायातच गडप होते. सुट्टी असूनही गावातली पोरं जमतात. गेल्या खेपेला एकानं स्वतःची सावली शोधत गोल गिरक्या घेतल्या. बारा वाजलेत आणि सावली का आहे, हा प्रश्न त्याआधी अर्धा तास रंगला होता. घड्याळातले बारा आणि सूर्याचे बारा वेगळे, हे तिथंच समजलं.

विजापूर रोड

आमच्या लहानपणी प्राणी म्हणजे शहरातलं महात्मा गांधी प्राणी संग्रहालय. शेंगदाण्याची पुडी, वडिलांचं बोट, आणि हरणांच्या जाळीशी उभं राहणं. मुलीला मात्र मी पहिल्यांदा नान्नजला नेलं, बार्शी रस्त्यावर, माळढोक अभयारण्यात. १९७९ साली झालेलं. तिकडं पिंजरा नाही, जाळी नाही, बघावं तिकडं गवत. पहाटे निघालो, डब्यात धपाटे आणि शेंगा चटणी.

खरं तेच सांगते, माळढोक दिसला नाही. एकेकाळी या माळावर हमखास दिसणारा पक्षी आता इतका थोडा उरलाय की तो दिसला तर बातमी होते. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो. मादी उघड्या जमिनीवर घालते ते साधारण एकच अंडं, ते कुत्र्यानं खाल्लं किंवा कुणाच्या पायाखाली गेलं की ते वर्ष गेलं. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. एवढं जड अंग घेऊन उडताना विजेची तार दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. हे सगळं तिथल्या माणसानं हळू आवाजात, दुर्बीण न काढता सांगितलं.

काळविटं दिसली, पुष्कळ. एक काळाभोर नर, पिळदार शिंगं मागं टाकून, आमच्याकडं बघत उभा. माद्या तपकिरी, बिनशिंगाच्या, चरत चरत लांब गेल्या. आणि मग उजवीकडच्या बांधावरून एक लांडगा आडवा गेला. पळाला नाही, घाबरला नाही, दुडक्या चालीनं आपल्या कामाला निघाल्यासारखा गेला. कळपातल्या प्रत्येक काळविटाची मान एकाच वेळी वर झाली. मुलीनं माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली.

परत येताना ती म्हणाली, "आई, माळढोक बघायला परत यायचं." पुढच्या हिवाळ्यात जाणार. आमच्या घरात आता माळरानाला कुणी पडीक म्हणत नाही. कृपया तुम्हीही म्हणू नका, तो शब्द ऐकला की मला वाईट वाटतं.

अक्कलकोट

स्वामींच्या दर्शनाला येणाऱ्यांनी राजवाड्यातलं शस्त्रसंग्रहालय चुकवू नये, एवढंच. आणि विजापूरला गेलात तर गोल घुमटात आवाज घुमवून लगेच गाडीत बसू नका. समोरच्या नगारखान्यात पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे, तिथले शिलालेख निवांत बघा.

दक्षिण सोलापूर तालुका

आमच्या हत्तरसंग कुडलला भीमा-सीनेच्या संगमावर संगमेश्वराचं देऊळ आहे. त्याच्या तुळईवर शके ९४०, म्हणजे १०१८ सालचा मराठी लेख आहे. सोलापूरचेच आनंद कुंभार यांनी तो उजेडात आणला. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा अर्थ. तिसरीतल्या पुतण्याला खांद्यावर घेऊन एकेक अक्षर दाखवलं. ओळखीचं एक अक्षर सापडल्यावर तो ओरडलाच, "काका, हे तर माझ्या नावातलं!"

पूर्व भाग, अशोक चौकाजवळून

आमचे ताता, म्हणजे आजोबा, चाळीस वर्षं कापड विणायच्या मागावर होते. त्यांना घेऊन धाराशिवच्या पुढं तेरला गेलो, लामतुरे संग्रहालयात. तेर म्हणजे जुनं तगर. जवळपास दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक प्रवासवर्णनात लिहिलंय की पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर आहे, तिथून जाडंभरडं कापड आणि तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदराला जाते. गाडीत हे वाचून दाखवल्यापासून ताता खुशीत होते.

आत मणी, मातीच्या मूर्ती, भांडी, शंखाच्या वस्तू. एका गावातल्या एका माणसानं आयुष्यभर हे जमवलं, यावर विश्वास बसत नाही. ताता सगळी दालनं फिरले आणि विचारलं, "कापड कुठाय?" कापड नव्हतं. माती टिकते, हस्तिदंत टिकतो, सूत कुजून जातं. ज्यासाठी गाव लांब लांबपर्यंत माहीत होतं त्याचा एक धागा उरला नव्हता.

मी समजूत घालायला गेले, तर ते एका लहानशा मृण्मूर्तीपुढं वाकलेले. चष्मा काचेला टेकलेला. मूर्तीच्या कमरेखालच्या वस्त्राच्या बारीक चुण्या बोटानं हवेत मोजत होते. म्हणाले, "जाड सुताला अशी चुणी पडत नाही. हे पातळ आहे."