पावसाळाभर उभा असलेला डिझेल ट्रक चालू होऊन बंद पडते, पंप खोलू का?

बागवाला_काटोल
नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे होता. आमचा जुना सहाचाकी ट्रक आहे, मेकॅनिकल इनलाइन पंपवाला (नोझलले दाबानं डिझेल देणारा पंप), सेन्सर-बिन्सर काही नाही. संत्र्याच्या सीझनमधी काटोलवरून नागपूरच्या कळमना मार्केटले माल न्यायलाच लागते फक्त. मृग बहाराचा माल संपला तेव्हापासून शेडमधी उभा होता, टाकी अर्धी. आता आंबिया बहार तोडणीवर येऊन राहिला म्हणून गाडी काढली तं सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी बसते, हॅन्ड प्रायमर (हातानं डिझेल चढवायचा छोटा पंप) मारला की चालू होते, अन् दहा-पंधरा मिनिटं चालली की पिकअप जाऊन बंद. थोडा वेळ उभी ठेवली की परत चालू. दोन्ही डिझेल फिल्टर नवीन टाकले, फरक नाही. बाहेर कुठंच डिझेल गळत नाही. मिस्त्री म्हणते पंप अन् नोझल खोलून कॅलिब्रेशनले पाठवा. खर्च मोठा आहे जी, पंप द्यायच्या आधी घरी काय पाहता येईल?

वाडी_डिझेलवाला
भाऊ, इतक्यात पंपाले हात लावू नका. पंप घासला असता तं गाडी थोडा वेळ उभी राहून सहसा अशी बरी झाली नसती. तुमचं लक्षण टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून मोठ्या पंपाले देणारा) ह्या ओढणीच्या बाजूचं आहे. टाकीतल्या पाइपाच्या टोकाले जाळी असते, फीड पंप ओढत राहते तसा गाळ त्या जाळीवर चिकटत जाते अन् डिझेल पुरत नाही, इंजिन बंद झालं की ओढ संपते, गाळ सुटून खाली बसते, म्हणून परत चालू. टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बुजलं तरी हेच होते. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच झाकण खोला, फुस्स करून हवा आत गेली तं भोक साफ करा, बहुतेक तिथंच काम होते.

सकाळचा त्रास मात्र वेगळा असू शकते. रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरून जाऊन राहिलं, म्हणजे एक तं कुठून हवा शिरून राहिली नाही तं फीड पंपाचा व्हॉल्व धरत नाही. अन् गळत नाही म्हणून लाइन चांगली असं समजू नका, तिथं आतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी असते, डिझेल बाहेर येतच नाही, हवा आत जाते.

खात्री करायची तं फीड पंपाच्या इनलेटले पारदर्शक पाइप लावा अन् तो स्वच्छ डिझेलच्या कॅनमधी सोडा, रिटर्नचा पाइपही त्याच कॅनमधी, नाही तं कॅन रिकामा होऊन टाकी भरेल. कॅन जमिनीवर ठेवा. उंचावर ठेवला तं डिझेल आपल्याच वजनानं उतरते अन् कमजोर फीड पंपही चांगला वाटते, सगळी टेस्ट वाया जाते. एअर (लाइनीत अडकलेली हवा) काढून गाडी चांगली अर्धा तास चालवून पाहा. बंद नाही पडली तं पंप ठीक, दोष मागं आहे. तरीही पाइपात बुडबुडे दिसले तं इनलेटचा बँजो बोल्ट (पाइप जोडणारा पोकळ बोल्ट) अन् त्याचे तांब्याचे वायसर पाहा.

दक्षिण_नागपूर_डिझेल
वरच्या भाऊंशी पूर्ण सहमत. माझं एवढंच की टाकीच्या खालच्या ड्रेन प्लगमधून आधी लिटरभर काचेच्या बरणीत काढा आणि तासभर तशीच ठेवा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. अर्धी टाकी जून ते सप्टेंबर उभी म्हणजे वरच्या रिकाम्या जागेत दमट हवा आत-बाहेर होत राहते, रात्री पत्र्याला आतून घाम येतो आणि ते पाणी तळाशी साठतं. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर बुरशी वाढते, काळपट चिकट साय धरते. तीच जाळीला बसते. नवीन फिल्टर टाकून फरक पडला नाही त्याचं कारण हेच वाटतं, कारण अडथळा फिल्टरच्या आधीच आहे.

अजून एक, सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघायला कुणाला तरी उभं करा. धूर अजिबात नाही म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय पण पेटत नाही, तर शोध दुसरीकडे न्यावा लागेल. आणि नोझलचा पाइप सैल करून बघणार असाल तर हात आणि चेहरा लांब ठेवा, तिथला फवारा कातडी फोडून आत जातो, हे कृपा करून गंमत समजू नका. कॉमन रेल गाडीत (नवीन, सेन्सरवाली, फार जास्त दाबाची) तर ते करायचंच नाही.

बागवाला_काटोल
राजेहो, केलं सगळं. झाकण खोललं तं आवाज नाही, ते ठीक आहे. कॅनवर गाडी अर्ध्या तासाच्या वर चालली, रेस देऊनही पाहिली, एकदाही नाही अडकली अन् बुडबुडेही नाही. मंग तोच पारदर्शक पाइप सेपरेटर (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारा) अन् फीड पंपाच्या मधात टाकून गाडी टाकीवर चालवली तं बारीक बुडबुड्यांची लाइनच लागली. टाकीजवळचा रबरी पाइप क्लिपच्या खाली तडकलेला निघाला, वरून दिसतही नव्हता. बरणीत बोटभर पाणी अन् वर काळी साय, जाळी अर्धी बुजलेली. पाइप अन् क्लिप नवीन आणून राहिलो. टाकी उतरवूनच धुवावी लागेल का?

वाडी_डिझेलवाला
उतरवाच. नुसतं पाणी काढून साय जात नाही, कोपऱ्यात चिकटून राहते. स्वच्छ डिझेलनं हालवून हालवून धुवा, पाणी घालू नका, अन् पत्रा फुटका दिसला तरी टाकीले वेल्डिंग तिथंच करू देऊ नका, रिकाम्या टाकीतल्या वाफेनं धोका असते. लाइन पंपाकडून टाकीकडे हवेनं फुंकून घ्या, म्हणजे त्यातली घाण नवीन फिल्टरात जाणार नाही. मंग फिल्टर बदला, आताचे जे टाकले ते भरले असतीलच. एअर काढताना आधी फिल्टरचा स्क्रू, मंग पंपाचा, बुडबुडे थांबेपर्यंत प्रायमर मारत राहा. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर नका मारू. पहिल्या एक-दोन खेपांले गाडीत फिल्टरचा एक जोड अन् दोन-चार तांब्याचे वायसर ठेवा, राहिलेली साय भरल्या गाडीत रस्त्यातच सुटते.