ओटीला पिवळं, रिपोर्टला शून्य, गावात जुलाब

तालुका_लॅब:
एका गावातून नळाचं पाणी तीनदा तपासायला आलं. जलसुरक्षक टीसीएल (क्लोरीनची पावडर) नीट टाकतो, ओटी टेस्ट फिकट पिवळी येते, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे. मॅक्कॉन्की ब्रॉथ (जंतू वाढवून बघायचं द्रव माध्यम) ३७ अंशांवर ४८ तास ठेवला, एकाही नळीत गॅस नाही, म्हणजे कोलिफॉर्म जंतू नाहीत. रिपोर्ट ‘पिण्यायोग्य’ गेला. आणि त्याच आळीत जुलाबाचे पेशंट वाढतायत. सरपंच म्हणतात, लॅबवाले झोपा काढतात. चुकतंय कुठे?

जुनी_पिपेट:
आधी बाटली बघ. निर्जंतुक करण्याआधी त्यात क्लोरीन निष्प्रभ करणारं सोडियम थायोसल्फेट घातलं होतं का? १२० मिलीच्या बाटलीला ३ टक्के द्रावणाचा ०.१ मिली पुरतो, लिटरमागे ५ मिग्रॅ क्लोरीनपर्यंत. ते नसेल तर जीप लॅबला पोचेस्तोवर क्लोरीन जंतू मारतच राहतो.

दुसरं, अर्धमेले जंतू. ई. कोलाय आतड्यातलाच, धडधाकट असला तर पित्तक्षार त्याच्या रोजच्या ओळखीचे. क्लोरीनने आवरण खिळखिळं झालं की तेच पित्तक्षार त्याला वाढू देत नाहीत, आणि मॅक्कॉन्कीत ते असतातच. तापातून उठलेल्याला पेजेऐवजी मिसळ वाढण्यातला प्रकार. तू पेज दे. १०० मिली पाणी ०.४५ मायक्रॉनच्या मेम्ब्रेनमधून गाळ, मेम्ब्रेन २ तास ३५ अंशांवर ट्रिप्टोन सोया अगारवर ठेव (साधं पौष्टिक माध्यम, हीच पेज), मग एम-एंडोवर (कोलिफॉर्म ओळखायचं माध्यम) उचलून ठेव. तेच पाणी थेट एम-एंडोवरही लाव, नाहीतर फरक कळायचा नाही. अशा जखमींसाठी १९८३ मध्ये एम-टी७ नावाचं माध्यमही निघालं. पण त्याचा इंडेंट टाकलास तर माल येईपर्यंत रिटायर होशील.

एमएस्सी_मायक्रो:
कॉलऱ्याचा जंतू तर याहून बेरकी. जिवंत असूनही नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही, हे अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या गटाने १९८२ मध्ये दाखवलं. तिथे पेजही चालेल असं नाही.

जुनी_पिपेट:
खरंय. पण आधी बाटली.

तालुका_लॅब:
थायोसल्फेट नव्हतंच. संपलं होतं, कुणी बोललं नाही, त्यात मीही आलो. काल नवीन बाटलीत नमुना घेतला. थेट एम-एंडोवर १ कॉलनी. पेज पाजल्यावर ९, सगळ्यांवर कोलिफॉर्मची ती हिरवी धातूसारखी चमक. विष्ठेतलेच कोलिफॉर्म आहेत का ते बघायला ईसी ब्रॉथमध्ये ४४.५ अंशांवर लावल्यात, उद्या कळेल. जुना रिपोर्ट मागे घेतलाय. सरपंचांना मीच फोन केला, तोवर पाणी उकळून प्या म्हणालो. बरंच ऐकून घेतलं.